मनातलं लिहा, आधी साहेबांना दाखवा

हल्ली कंपन्यांना कामगारांच्या तोंडून खऱ्या गोष्टी वदवून घ्यायची भारी हौस आली आहे. जाहिरातवाल्याचं कुणी मनावर घेत नाही, पण खोकी उचलणारा स्वतः सांगतोय म्हटलं की लोक माना डोलावतात. धास्ती एकच. तो खरंच खरं बोलायला लागला तर?

अ‍ॅमेझॉनने त्यावर २०१८मध्ये तोडगा काढला. अमेरिकेतल्या गोदामांमधले निवडक कामगार ‘राजदूत’ नेमून ट्विटरवर सोडले. नावाला राजदूतपदाची जोड, शेजारी खोक्याचं चित्र आणि सूर असा, की स्वच्छतागृहात हवं तेव्हा जाता येतं, साहेब देवमाणूस आहेत! पुढे २०२१मध्ये ‘द इंटरसेप्ट’ने या योजनेची अंतर्गत कागदपत्रं छापली. राजदूताला विनोदबुद्धी हवी, टीकाकाराला उत्तर नम्र पण रोखठोक हवं, असं त्यात होतं. नमुन्याची उत्तरंही सोबत जोडलेली. म्हणजे अनुभव कामगाराचा, शब्द कार्यालयाचे. योजनेचं गुप्त नाव होतं ‘व्हेरिटास’, रोमनांची सत्याची देवी. बारसं करणाऱ्याच्या विनोदबुद्धीबद्दल तरी शंका नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी खासदार मार्क पोकन यांनी बाटलीत लघवी करावी लागणाऱ्या कामगारांचा विषय काढला. यावर तुमचा खरंच विश्वास बसतो का, असं कंपनीने त्यांनाच उलट विचारलं. मग बाटल्यांचे फोटो आणि चालकांचे अनुभव बाहेर येऊ लागले. हे राजदूत कुणी नेमलेले नव्हते. एप्रिल उजाडताच कंपनीने पोकन यांची माफी मागितली आणि चालकांना वाटेत स्वच्छतागृह मिळणं कठीण जातं, हे कबूल केलं. वर्ष सरता सरता नेमलेले राजदूतही गुपचूप घरी गेले.

आपल्याकडे ट्विटरचीही गरज पडली नाही. मे २०२४मध्ये हरयाणातल्या मानेसरच्या अ‍ॅमेझॉन गोदामात कामगारांना शाळेतल्यासारखी प्रतिज्ञाच म्हणायला लावली: २४ फुटी ६ ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला थांबणार नाही. वाक्यं इथेही तयारच होती. कामगारांनी मात्र आपल्या शब्दांत सगळं वर्तमानपत्राला सांगितलं: बाहेर कडक ऊन आणि आत तापलेले ट्रक. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस धाडली. हा दुर्दैवी आणि अपवादात्मक प्रकार होता, असं कंपनीने कळवलं. या वेळी निवेदनावर खोक्याचं चित्र नव्हतं.