कवळी कृष्णार्पण

ऑगस्ट 2019. कृष्णा-पंचगंगा घरात शिरल्या आणि शासन निर्णय निघाला: घर दोन दिवस पाण्यात असेल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. म्हणजे पुरानंही हजेरी भरायला हवी!

आमची सांगलीची आत्या, वय 81, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. पूरग्रस्तांना उंचावर ठेवायचं हे बरोबरच. गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं. मदतीला तोटा नव्हता. फरसाण, चिक्की, बिस्किटं. आत्याची कवळी घरी, फडताळातल्या वाटीत, म्हणजे एव्हाना कर्नाटकात. बीपीची गोळी मागितली तर स्वयंसेवक पोरगा म्हणाला, "आजी, नाव?" तिनं स्वतःचं सांगितलं. "गोळीचं हो!" "बारकी, पांढरी." खोक्यातल्या सगळ्याच बारक्या, पांढऱ्या.

संडास खाली, मैदानापलीकडे. तिनं पाणी पिणंच सोडलं. एवढ्या पुरात तहानलेली राहिली म्हातारी.

फोटोला मात्र तिला पुढे बसवायचे. सुरकुत्या छान येतात म्हणे.

पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. चष्मा, काठी, कवळी लिहायला रकाना सापडेना. शेजारच्या म्हशीला होता.