सुगंधाचा सातबारा

सुवासिक तांदळाचा वास 2-असिटिल-1-पायरोलिन या द्रव्यामुळे येतो. भाताचे एक ठरावीक जनुक निकामी झाले की ते दाण्यात साठते. म्हणजे आंबेमोहर, घनसाळ, बासमती ही सारी घरंदाज मंडळी मुळात एका बिघाडाची लाभार्थी. तो बिघाड कोणाच्या शेतात झाला याची नोंद नाही, कारण तेव्हा पेटंट कार्यालय उघडलेले नव्हते.

ही उणीव 1997 साली टेक्सासच्या राइसटेक कंपनीने भरून काढली. बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर तिने अमेरिकेत पेटंट मिळवले, दावे वीस. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या हे भात पिकवणाऱ्यांना तोवर आपण काय शोधले आहे याची कल्पनाच नव्हती. भारताने हरकत घेतली. काही दावे कंपनीने स्वतःच मागे घेतले, 2001 साली पाच उरले आणि पेटंटच्या शीर्षकातून बासमतीही गेली.

त्याच वर्षी भारताने पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपले बी राखता, पेरता, वाटता आणि विकताही येते. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकायचे नाही. शेजारणीला पायलीभर बी देणारी मावळातली आजी अशा रीतीने कायदेशीर झाली. त्याआधी ती कोणत्या कलमाखाली देत होती, यावर कायदा मौन पाळतो. वाणाची नोंदणी करायची तर वेगळेपणा, एकरूपता आणि स्थैर्य सिद्ध करावे लागते. चव सिद्ध करावी लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

कागद नसला की काय होते, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहून कळते. पटेल-3 या भाताच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. त्या बारीक तांदळाला घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. कृषी विद्यापीठाने बी नेले, शुद्ध केले आणि पुढे आपली आद्याक्षरे जोडून ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले. खोब्रागड्यांना सत्कार भरपूर मिळाले. शाल-श्रीफळावर कोणाचे पेटंट नसते.

आंबेमोहर आणि आजरा घनसाळ यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नावाला राखते. बी टिकवणे ज्याचे त्याने पाहावे. आंबेमोहराचे पीक उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उताराही बेताचाच देते. म्हणून शेतकरी इंद्रायणी लावतो. आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्राने 1987 साली दिलेले हे वाण. वास आईबापांपैकी एकाचा, उतारा दुसऱ्याचा.

बाजारात मात्र आंबेमोहर कधी कमी पडत नाही. परराज्यातला आखूड दाण्याचा तांदूळ पोत्यावरची चिठ्ठी बदलली की मुळशीकर होतो. खऱ्या उत्पादकाला याविरुद्ध न्यायालयाचे दार मोकळे आहे, अर्थात लावणी-कापणी सांभाळून. गिऱ्हाइकाला मात्र खरेखोटे भात शिजल्यावरच कळते, आणि फोडलेली पिशवी दुकानदार परत घेत नाही.