शिफारशीचे शिष्टाचार

मराठीत समलिंगी प्रेमाचं पुस्तक कुणाला सुचवायचं, तर आधी खुलासा द्यावा लागतो: ‘मी तसा नाही, पण लेखन उत्तम आहे हो!’ रहस्यकथा सुचवणाऱ्याला आपण खून केलेला नाही हे सांगावं लागत नाही. ‘मृत्युंजय’ वाचणाऱ्याकडे कुणी कवचकुंडलं मागत नाही. इथे मात्र चारित्र्याचा दाखला पुस्तकासोबतच जोडायचा.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. काही मराठी वाचकांना ही घरातलीच कादंबरी सापडली ती जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेल्यावर. उरलेल्यांना २०२२मध्ये सिनेमा आल्यावर.

तेंडुलकर कोळून प्यालेले रसिकही ‘मित्राची गोष्ट’ या समलिंगी प्रेमाच्या नाटकापाशी आले की घाईघाईने ‘घाशीराम कोतवाल’कडे वळतात. तिथे बाप पोटच्या मुलीचा सौदा करतो, म्हणजे विषय कौटुंबिकच!

सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना कलम ३७७मधून सोडवलं. त्यासाठी पाच न्यायमूर्ती लागले. पुस्तकावरचं वर्तमानपत्राचं कव्हर उतरवायला आता किती लागतील?