चाकोरीबाहेरचे टायर

टायर काळा असतो, गोल असतो आणि त्यात हवा भरतात, एवढ्या ज्ञानावर मी आयुष्याची बावन्न वर्षं सुखात काढली. त्रेपन्नाव्या वर्षी भाच्याच्या एका मित्राने माझ्या कॅम्परभोवती फेरी मारली, एका चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, हे तर एच/टी आहेत." हायवे टेरेन. निव्वळ डांबरावर चालणारे. त्याच्या आवाजात अशी काही कीव होती, की मला वाटलं, आपला रक्तगटच हलका निघाला.

तोपर्यंत त्या टायरांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. शिरूरहून न्हावरा, तिथून मांडवगण फराट्याच्या अंगाला, आणि शेवटी आमच्या रानापर्यंतची दीड किलोमीटर पाणंद, एवढीच माझ्या गाडीची काशी-रामेश्वर. सणावाराला भीमा ओलांडून दौंडला सासुरवाडी. पण 'ऑफ-रोड' हा शब्द एकदा कानात शिरला की पाण्यासारखा आतच राहतो. त्याला मराठी शब्द काय, यावर मी चार दिवस डोकं चालवलं. मग लक्षात आलं, शब्द आपल्याकडे आहेच: चाकोरीबाहेर! चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली घळ. मी पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्याच त्या ठेवींच्या पावत्या फाडलेला माणूस. मी नाही निघालो चाकोरीबाहेर, निदान टायर तरी निघावेत.

अभ्यासाला लागलो. टायरच्या कुशीवर जे छापलेलं असतं ती त्याची जन्मपत्रिका असते, हे तेव्हा कळलं. २३५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि आतली रिम १५ इंची. पुढच्या आकड्यावरून वजन कळतं. १०४ असेल तर एक टायर ९०० किलो पेलतो. त्यापुढचं अक्षर वेगाचं. क्यू असेल तर ताशी १६० किलोमीटर. आमच्या पाणंदीत मी ताशी आठने जातो, तेही वारा पाठीशी असला तर. एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण माझे जुने टायर कोणत्या आठवड्यात जन्मले ते मी आजही झोपेत सांगेन. बायकोच्या हे लक्षात आलेलं आहे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शिरूरची माणसं नगर रोडवर वाढलेली, दौंड तालुक्यातली सोलापूर रोडवर. दोघांनाही वाटतं की चाक आपल्यालाच कळतं. शिरूरचा पंक्चरवाला म्हणाला, "नायलॉन घ्या, वेड्या बाभळीचा काटा सहन करतो." दौंडचा मेहुणा रेल्वेत. त्याच्या मते टायर या कल्पनेतच खोट होती. "लोखंडाचं चाक, लोखंडाचा रूळ. अठराशे अठ्ठ्याहत्तरपासून दौंड-मनमाड चालू आहे, एक पंक्चर ऐकलंय का?"

शेवटी चौफुल्याजवळच्या एका टायरवाल्याकडे गेलो. त्याने दुखणं विचारावं तसा एकच प्रश्न विचारला, "रस्ता किती, रान किती?"

खरं उत्तर होतं, पंच्याण्णव टक्के डांबर आणि पाच टक्के पाणंद. मी म्हणालो, "निम्मंनिम्मं."

"मग ए/टी घ्या. ऑल टेरेन. डांबरावरही बरा, मातीतही बरा."

बरा! मी अठ्ठावीस वर्षं 'बरा'च होतो. भिंतीवर वर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी एम/टी टांगलेला होता. मड टेरेन. दगडी जात्याला टाकी लावावी तशा खोल खाचा, मुठीएवढ्या गोट्या. मी तिकडे बोट दाखवलं. टायरवाला सज्जन होता. म्हणाला, "साहेब, तो आवाज करतो, डिझेल खातो आणि डांबरावर लवकर झिजतो. तो नुसत्या चिखलासाठी असतो."

शिरूर आणि दौंड हे दोन्ही पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्री मावळ-मुळशीला ओंजळीने वाढतो आणि आमच्या पंक्तीला आला की पातेलं खरवडतो. इथे खास चिखलासाठी टायर घेणं म्हणजे निर्जळी एकादशीला भांडी घासायला बाई लावणं. तरी मी चार घेतले. वर पाचवा, स्टेपनीसाठी. (स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा केलाय, की तो वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला हे सांगून पटत नाही. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. टायरवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बिल जीएसटीचं करू का?") उसाची पहिली उचल त्यात गेली.

परत येताना न्हावऱ्याच्या अलीकडे बायकोने विचारलं, "हा घूंऽऽ कसला?"

"टायरचा."

"पैसे देऊन घेतलाय?"

पुढचे दोन महिने मी जे वागलो ते लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो. रांजणगावला गणपतीच्या दर्शनाला गेलो की गाडी लावताना पुढची चाकं मुद्दाम वळवून ठेवायचो. गोट्या दिसाव्यात म्हणून. गाडी धूत नव्हतो. पण नुसत्या धुळीने शोभा येईना, तेव्हा एका संध्याकाळी आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी गाडी चुलतभावाच्या गोठ्यामागच्या मोरीतून दोनदा काढली. कोणी नाही असं मला वाटलं होतं. म्हशी होत्या आणि चुलती होती. "रस्ता हितनं न्हाय रं बाळा," ती म्हणाली.

टायरचा आणि चिखलाचा संबंध मला लहानपणापासून ठाऊक असायला हवा होता, कारण आमच्या घरात पहिला टायर आला तो अण्णांच्या पायात. टायरच्या वहाणा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाद झालेल्या ट्रकच्या टायरचा तळ, ट्यूबचे पट्टे, बाजूने ठोकलेले खिळे. घोडनदीच्या बाजारात (शिरूरला आमची जुनी माणसं घोडनदीच म्हणतात) एक म्हातारे कारागीर त्या करायचे. पावलाखाली कागद ठेवायचे, खडूने रेघ मारायचे आणि रापीने टायर असा कापायचे जणू भाकरी मोडताहेत. वजन अर्धा-अर्धा किलो. नवीन असताना टाच सोलून निघायची, म्हणून आठवडाभर आत गोडं तेल. मग मात्र बाभळीचा काटा खालून कितीही धडपडला तरी वर यायचा नाही. तो रबरातच मोडायचा आणि तिथेच राहायचा. अण्णा सुट्टीच्या दिवशी वहाण उलटी करून पकडीने काटे उपटायचे आणि मोजायचे. एकदा एका वहाणेत एकोणीस निघाले. आलेल्या पाहुण्याला ते आकडा सांगायचे, दुसऱ्यांचे वडील एकरी उतारा सांगतात तसा.

एका वर्षी कारागिराकडचा टायर एका वहाणेवरच संपला. दुसरी वेगळ्या टायरची झाली. तेव्हापासून अण्णांचा डावा पाय सरळ रेघांचा आणि उजवा बटणांचा. पाणंदीच्या फुफाट्यात तो माग उठून दिसायचा: रेघा, बटणं, रेघा, बटणं. आई सकाळी दारातून बाहेर बघायची आणि माणूस रानाकडे गेलाय की चौफुल्याच्या एसटीकडे, हे चहा उकळायच्या आत सांगायची. आम्ही पोरं शाळेतून आलो की त्या मागावर पाय ठेवत ठेवत मळ्यात जायचो. त्यांची ढांग लांब, म्हणून उड्या मारत. मी आयुष्यात कोणाच्या पावलावर पाऊल ठेवलं असेल तर ते एवढंच, आणि तेही उड्या मारून.

पण कालव्याला आवर्तन सुटलं, पाळी रात्रीची आली, की अण्णा पाणंदीच्या तोंडाशी थांबायचे, वहाणा काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी पुढे जायचे. टायर काट्यात चालतो, चिकणात चालत नाही, हे त्यांना शिकवायला कोणी आलं नव्हतं. मी पाहिलं होतं. त्यावर विचार मात्र केला नव्हता.

रात्रीची पाळी अजून तशीच आहे. फक्त आता उसात बिबट्या आहे. शिरूर तालुक्यात तो बातमी राहिलेला नाही, शेजारी झालाय. त्याने माणसं नेली आहेत, लेकरं नेली आहेत. दिवसा वीज द्या म्हणून लोक घसा कोरडा करतात आणि रात्री हातात बॅटरी नि काठी घेऊन दारं धरायला जातात. टायर घेताना मी बायकोला हेच कारण सांगितलं होतं: रात्री गाडी अडकली तर? ती काही बोलली नाही. खऱ्या भीतीच्या आडून हौस पुरवून घेतली, हे मला त्या रात्री झोपताना टोचलं. सकाळी विसरलो.

जानेवारीत आवर्तन सुटलं. कोणाची तरी चारी फुटली आणि पाणंद भरली. अखेर चिखल आला होता! मी नवरदेवासारखा गाडी घेऊन निघालो. चार गोट्या फिरल्या, सहा फिरल्या, आणि मग काय झालं ते काळ्या मातीला विचारा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. चाक वेगात फिरलं तर खाचांतला चिखल फेकला जातो. माझ्या ताशी आठला तो आतच बसला. खाचा भरल्या आणि त्या महागड्या टायरांचे चार काळे लाडू झाले. मी वेग दिला, तशी गाडी नुसती खाली गेली.

दूधवाला एम-एटीवरून दोन्ही कॅन सांभाळत, पाय टेकत टेकत शेजारून गेला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मागून उसाची टायरगाडी आली. बीडकडचे ऊसतोडीवाले नवरा-बायको, पुढे दोन बैल, खाली रिमोल्ड करून करून गुळगुळीत झालेले दोन टायर. माझ्या टायरच्या कुशीवर असते तेवढी नक्षीसुद्धा त्यांच्यावर उरलेली नव्हती. गाडीवानाने वाकून बघितलं. "किती हवा हाय?"

"पस्तीस."

"निम्मी सोडा की."

हवा कमी केली की टायर पसरतो, जमीन जास्त धरतो. हे मी वाचलं होतं. वॉल्व दाबायला काडी मात्र त्यानेच दिली. बैल जुंपले, बाईने मागून खांदा लावला, आणि मी आत बसून स्टिअरिंग धरण्याचं पुरुषी काम केलं. गाडी निघाली. पैसे देऊ केले. त्याने बैलांच्या पेंडीपुरते घेतले आणि म्हणाला, "टायरचा दोष न्हाई, साहेब. तुमी मधल्या वरंब्यावरनं चालवताय. चाकोरी धरा ना. खाली मुरूम हाय."

"कुठाय चाकोरी?"

त्याने चाबकाने दाखवली. डाव्या अंगाची चाकोरी वीस पावलं सरळ जाऊन उसात शिरत होती. आत, दुसऱ्या सरीखाली.

ऊस माझा होता.

पाणंद अरुंद झाली म्हणून तहसीलला जो अर्ज गेलाय, त्यावर पहिली सही माझी आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३, हे मसुद्यात मीच घातलं. पतसंस्थेतला माणूस म्हणून भाषा माझ्याकडे होती. २०२१ मध्ये सरकारने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना आणली, तेव्हा चावडीवर सर्वांत जोरात मीच बोललो. आणि दर वर्षी नांगरटीला ट्रॅक्टरवाल्याला "जरा बाहेरनं घे" म्हणणाराही मीच. एकेका वर्षी चार-चार बोटं. अण्णांच्या वेळी त्या पाणंदीत दोन गाड्या एकमेकींना वाट द्यायच्या.

ऊस तुटून गेल्यावर फीत घेऊन मोजलं. माझ्याकडून साडेतीन फूट. मी दोन फूट मागे सरलो. उरलेलं दीड फूट समोरचा सरकला की सरकणार आहे. त्याचंही माझ्याबद्दल तेच म्हणणं आहे.

तर, एम/टी टायर विकणे आहेत. २३५/७५ आर १५, चार नग, तीन हजार किलोमीटरच्या आत चाललेले, पैकी चिखलात चाळीस फूट. स्टेपनी कोरी. घेणाऱ्याने गाडी घेऊन शिरूरला यावं. रानात नेऊन दाखवणार नाही.