यंत्राची मर्जी

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीने १९८४ साली अहवाल सादर केला, तेव्हा यंत्रे आली की माणसांच्या हातचे काम जाईल, अशी जी भीती कर्मचारी संघटनांनी व्यक्त केली होती ती सर्वस्वी निराधार ठरली, हे पासबुकाच्या खिडकीसमोर तिष्ठत उभ्या असलेल्या कोणाही खातेदारास सप्रमाण पटते. कारण पूर्वी जो कारकून टाकाने नोंद लिहून, तीवर आद्याक्षरी करून मोकळा होत असे, तोच आता छपाईयंत्राची मर्जी राखण्यात आपली उमेदीची वर्षे खर्ची घालीत असतो.

हे यंत्र दिसावयास साधे, पण वृत्तीने मानी आहे. २४ सुयांनी टकटक करीत एंट्री मारणाऱ्या या प्रिंटरला एप्सनची ईएससी/पी, आयबीएमची प्रोप्रिंटर, ऑलिव्हेट्टीची पीआर-२ अशा अनेक बोली अवगत असतात. परंतु एका वेळी तो एकाच बोलीतील हुकूम मानतो, आणि संगणकातील ड्रायव्हर भलत्याच बोलीत बोलला, तर निवृत्तिवेतनाच्या आकड्याऐवजी असंबद्ध चिन्हांची अशी काही पंक्ती उमटवितो, की पुराभिलेखागारातील मोडीवाचकानेही हात टेकावेत. बोली जमली तरी कागदाच्या मापाचा प्रश्न उरतोच. ड्रायव्हरमध्ये माप ए-फोर राहिले असेल, तर उघडून घातलेल्या पासबुकाच्या मध्यभागी शिवण आहे ही वार्ता यंत्रास कोणी कळविलेलीच नसते, आणि खातेदाराची शिल्लक नेमकी त्या शिवणीत गडप होते. (ती वाढली की घटली, हे पाहण्यास मग टाके उसवावे लागतात.)

खरा पेचप्रसंग मात्र पोर्टाचा. सकाळी झाडलोट करताना यूएसबीची तार निसटते, कोणी भला माणूस ती शेजारच्या भोकात खोचतो, आणि विंडोज तात्काळ त्याच प्रिंटरची 'कॉपी १' या नावाने दुसरी नेमणूक करून मोकळी होते. बँकेची प्रणाली मात्र मूळ नावानेच नोंदी धाडीत राहते, आणि त्या स्पूलरच्या दफ्तरात मुकाट्याने साचत जातात. दुपारी कोणी तार पूर्ववत जोडली, की त्या क्षणी ज्याचे पासबुक यंत्राच्या मुखात असेल, त्यास सकाळपासून खोळंबलेल्या कोणा परक्या इसमाच्या जमाखर्चाचा प्रसाद मिळतो. रक्कम जमेची असल्यास तक्रार येत नाही.

तक्रार आलीच, तर तिचा प्रवास प्रेक्षणीय असतो. शाखा मुख्य कार्यालयाकडे बोट दाखविते, मुख्य कार्यालय कंत्राटदाराकडे. कंत्राटदाराचा इंजिनियर यथावकाश येऊन ड्रायव्हर काढून पुन्हा घालावयास बसतो, तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड ज्या गृहस्थांपाशी असतो ते मुख्य कार्यालयात जेवावयास गेलेले असतात, आणि ते परतून दूरध्वनी उचलीपर्यंत इंजिनियर पुढच्या तालुक्याला रवाना झालेला असतो. मध्यंतरी खातेदारास 'उद्या या' हा एकच निरोप मिळतो; तो देण्यास कोणताही ड्रायव्हर लागत नाही.

वस्तुतः या साऱ्या विद्येचा ऐवज एका चिठ्ठीत मावणारा आहे: यंत्राची बोली, पोर्टाचे नाव, कागदाचे माप. शाखाधिकाऱ्यांनी ती लिहून यंत्राच्या कुशीला डकवावी. त्यास ना निविदा लागते, ना वरिष्ठांची मंजुरी.