झबल्याचा ताळेबंद

हौसेने शिवलेले पहिले झबले बारशाला वाखाणले जाते आणि त्याच कौतुकाच्या भांडवलावर बालवस्त्रांचा गृहउद्योग उभा राहतो. मात्र कौतुक करणारे आप्तच पहिले ग्राहक असल्याने, आणि घरच्यांकडे मजुरी मागणे असंस्कृतपणाचे मानले जात असल्याने, त्याचा आरंभच उधारीने होतो. किंमत ठरवताना कापड, नाडी आणि बटणे यांची बेरीज होते. परंतु काजे करण्यात आणि इंटरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालायची साखळीवजा शिलाई, मारून आणण्यात गेलेली दुपार हिशेबात येत नाही, कारण गृहिणीचा वेळ फुकट असतो हे सर्वमान्य गृहीतक आहे. (ते मांडणाऱ्यांनी काज कधी केले नसावे.) कापड कमी लागले म्हणून शिलाईही कमी घ्यावी, हा ग्राहकाचा युक्तिवाद असतो; वास्तविक चार बोटांच्या मुंढ्याला, म्हणजे खांद्याखालील गोलाईला, बाही बसवणे मोठ्या सदऱ्यापेक्षा जिकिरीचे असते. अशा सूक्ष्म उद्योगांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२० पासून सुरू केलेली उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. मात्र नणंदेकडून शिलाई वसूल करून देण्याची तरतूद तीत नाही.