कारतलबखानाच्या वाटेने

कारतलबखानाबद्दल मला अलीकडे फार आपुलकी वाटू लागली आहे. शाळेत त्याची नुसती कीव यायची. पण फेब्रुवारी १६६१ मध्ये तो ज्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरला, तोच घाट मी बूट घालून उतरलो. म्हणजे निघताना तरी बूट होते.

बेत माझाच. लोणावळ्याहून कुरवंडे, नागफणीच्या बाजूने खाली उंबरखिंड, मग चावणी, खोपोली आणि शेवटी कर्जतला वडा. बायको आणि मेहुणा हे माझं सैन्य. जाताना कर्जतला गाडी थांबली. बोरघाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडत होते, तेवढ्यात मी शाहिस्तेखानाची पुण्यातली छावणी, त्याने कोकण घ्यायला धाडलेला हा उझबेक सरदार आणि त्याच्यासोबतची माहूरची रायबागन असा सगळा पट उलगडला.

"दाजी, वडा आत्ताच खायचा का?" मेहुण्याने विचारलं.

"विजयानंतर," मी म्हणालो.

घाटात वाळकी पानं वाटेवर साचलेली होती आणि पानांखाली सुटे दगड. एवढा लवाजमा घेऊन खान इथून कसा उतरला असेल, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि खाली बसलो. पुढचा बराचसा घाट बसूनच उतरलो. त्यात उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून सुटला आणि पावलागणिक टाळ्या वाजवू लागला. मेहुण्याने बॅगेची दोरी बांधली, ती दगडावर घासून तुटली. मग बायकोची ओढणी आली. ओढणी नवी होती, ही माहिती मला तिथेच मिळाली आणि अजूनही अधूनमधून मिळते.

'शिवभारता'त खानाच्या उंबरखिंडीतल्या लढाईचं वर्णन आहे. अरुंद खिंड, दाट रान, दोन्ही तोंडं मराठ्यांनी आवळलेली आणि आत पाण्यावाचून तळमळणारी फौज. आमच्याही बाटल्या रिकाम्या होत्या. त्यातली एक मी वरच तोंड धुण्यात संपवली होती. कोंडीत सापडलेल्या खानाला रायबागनने चार शब्द सुनावले आणि शरण जायला सांगितलं. आमच्या घरची रायबागन झाडाखाली बसून म्हणाली, "तुम्हीही जा कोणालातरी शरण." पण खानाला निदान समोर शिवाजी महाराज होते. आम्हाला कोंडायला कोणी आलंच नव्हतं, सगळी मोहीम आम्हीच पार पाडली होती.

तेवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक आजी आली. पाय अनवाणी, चाल सपासप. तिने माझ्या ओढणीवाल्या पायाकडे पाहिलं.

"खालून डांबरी हाय की. वरून कशापायी आलास?"

"इतिहास बघायला, आजी."

"मग उभा राहून बघ ना, बाबा."

पाणी कुठे मिळेल ते तिनेच दाखवलं आणि तिच्या मागोमाग आम्ही खाली आलो. आंबा नदीजवळच्या स्मारकापुढे मी मान खाली घालून उभा राहिलो. आदर होताच, पण मानही वर होत नव्हती. इथे खानाने शस्त्रं, घोडे, खजिना सारं ठेवून जीव वाचवला. माझ्याकडे ठेवण्याजोगं काही नव्हतं. खोपोलीपर्यंतच्या टमटमची खंडणी मेहुण्याने भरली. कर्जतला पोहोचलो तेव्हा वड्यांची परात रिकामी होती. मेहुणा काही बोलला नाही, फक्त परातीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

खिंड मात्र पाहाच. एवढ्याशा जागेत एवढी मोठी फौज कशी अडकली, हे नकाशावर कळत नाही, तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. पावसाळा सरला की जा. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागून शेमडीला वळा, चावणीपर्यंत गाडी जाते. घाटानेच उतरायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्या, पाणी दुप्पट न्या आणि कर्जतचा वडा जातानाच खा.